बाबांची जाळरेषा आणि इलिनॉयचं गवत

बाबा मेळघाटात वनरक्षक होते, गेल्या डिसेंबरात गेले. मी इकडे अमेरिकेत इलिनॉयमध्ये प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं गवताळ कुरण, परत उभी करायच्या कामावर आहे, म्हणजे बिया गोळा करणं, झुडपं तोडणं आणि मुख्य म्हणजे ठरवून आग लावणं. उभा जन्म वणवे विझवणाऱ्या माणसाची मुलगी परदेशात गवत पेटवते हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ आवाजच नाही, मग एकदम विचारलं, वारा कुठला, जाळरेषा किती रुंद, पाणी किती लांब? जाळरेषा म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी.

मग त्यांना सगळंच ऐकायचं असायचं. एकेकाळी या राज्याचा अर्ध्याहून जास्त भाग प्रेअरी होता, 1837 मध्ये इथल्याच ग्रँड डेटूर गावात जॉन डीअरने पोलादी नांगर बनवला आणि पुढे काळी जमीन उलथत गेली, आज मूळचं चांगलं कुरण एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकंही उरलेलं नाही. बिग ब्लूस्टेम गवताची मुळं खोल जातात त्यामुळे वरून जळलं तरी ते परत फुटतं, उलट कुरणात घुसलेल्या बकथॉर्नची कोवळी झुडपं मरतात, जुन्या गवताचा थर जातो आणि काळी झालेली जमीन लवकर तापते. इथले मूळ रहिवासी पोटावाटोमी लोक अशी आग फार आधीपासून लावत आलेत. बाबा म्हणायचे, आमच्याकडे मोहाची फुलं दिसावीत म्हणून पाला पेटवतात आणि तीच आग पळत सुटते, फरक फक्त रेषेचा आहे. 15 फेब्रुवारीला आगीचा हंगाम लागायच्या आत ते जाळरेषेवरचं गवत कापून, वाळवून, वारा पडल्यावर जाळायचे.

बाबा गेल्यानंतरचा माझा पहिला बर्न, म्हणजे ठरवून लावलेली आग, यंदा एप्रिलमध्ये होता. वारा नैऋत्येचा, म्हणून ईशान्य कोपऱ्यातून सुरुवात, वाऱ्याविरुद्ध हळू सरकणारी आग लावत उत्तर आणि पूर्वेची पट्टी काळी करत जायचं, नंतर समोरच्या बाजूने वाऱ्याबरोबर पळणारी मोठी आग. मी पूर्वेला ड्रिप टॉर्च, म्हणजे पेटतं तेल ठिबकवत आग लावायचं हत्यार, घेऊन होते. मध्येच धूर जरा वेगळा झुकल्यासारखा वाटला. बाबा करायचे तशी चिमूटभर माती सोडून पाहिली, सरळ पूर्वेला गेली, म्हणजे वारा पश्चिमेचा झाला होता आणि आमची पट्टी अजून रुंद नव्हती. रेडिओवर सांगितलं. आगीचं काम सांभाळणाऱ्या बर्न बॉसने एका क्षणात सगळ्यांचे टॉर्च थांबवले, पाण्याची गाडी आमच्याकडे वळवली, पट्टी वाढवली आणि मगच समोरची आग लावली. ज्वाळा माणसापेक्षा उंच उठल्या आणि काळ्या पट्टीपाशी येऊन मेल्या. मला तिथेच रडू आलं, धुरात कुणाला कळलंही नसेल.

रात्री आईला फोन केला. वाटलं विचारेल जेवलीस का, भाजलं नाही ना. ती म्हणाली, जाळरेषा किती रुंद ठेवली होती गं?