तुम्ही विचारलंत म्हणून: कवितेतले शब्द मोजून काय मिळते?

वर्गात कविता शिकवताना मी मुलांना आधी विशेषणे आणि क्रियापदे मोजायला लावते, आणि हे कळले की कोणी ना कोणी विचारतेच, ‘असे शब्द मोजून कविता कळते का?’ उत्तरादाखल मी बहुधा जोसेफिन माइल्स यांच्याबद्दल सांगते, कारण शब्दांची मोजदाद ज्यांनी आयुष्यभर केली त्या या अमेरिकी बाई स्वतः कवयित्री होत्या.

माइल्स यांचा जन्म १९११ मध्ये शिकागोत झाला. लहानपणीच जडलेल्या संधिवातामुळे कुटुंब उबदार हवेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात राहायला गेले, तरी दुखण्याने त्यांचे हातपाय जन्मभरासाठी अधू केले. लॉस एंजेलिसमध्ये पदवी घेऊन १९३८ मध्ये त्यांनी बर्कलीला, कॅलिफोर्निया विद्यापीठात, पीएच.डी. पूर्ण केली. १९४० पासून त्या तिथेच शिकवू लागल्या आणि १९४७ मध्ये तिथल्या इंग्रजी विभागात कायम नेमणूक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मदतनीस त्यांना उचलून वर्गात आणून बसवत. १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या शिकवत राहिल्या. १९८५ मध्ये बर्कलीतच त्यांचे निधन झाले.

त्यांची पद्धत ऐकायला रुक्ष वाटते. एकेका कवीच्या सुमारे हजार ओळी घ्यायच्या, त्यांतली विशेषणे, नामे आणि क्रियापदे मोजायची, आणि कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते नोंदवायचे. पण या आकड्यांतून कवितेची घडण दिसू लागते. सतराव्या शतकातले दोन इंग्रज कवी घ्या: जॉन डनच्या ओळींत क्रियापदांचा जोर असतो, तो वाद घालतो, कारणे देतो. जॉन मिल्टनच्या ओळी मात्र नामे आणि विशेषणे यांच्या भाराने संथ पसरत जातात. शिवाय एका काळातले कवी, एकमेकांशी कितीही भांडोत, बरेचसे शब्द सामाईक वापरतात, हेही त्यांनी दाखवले. कवीच्या प्रतिभेचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेत हे सहसा सापडत नाही, असे माझे मत आहे.

या कामातला सर्वांत रंजक भाग ड्रायडन या त्याच शतकातल्या इंग्रज कवीच्या शब्दसूचीचा, म्हणजे त्याच्या कवितांत कोणता शब्द कुठे येतो ते सांगणाऱ्या यादीचा, आहे. ही सूची करायला घेतलेले गाय माँटगोमेरी हे बर्कलीतले प्राध्यापक १९५१ मध्ये वारले तेव्हा त्यांच्यामागे बुटांची ६३ खोकी आणि त्यांत सुमारे २,४०,००० चिठ्ठ्या राहिल्या. ज्यांनी ज्ञानेश्वरीचा शब्दकोश हाताळला आहे, त्यांना या पसाऱ्यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. माइल्स यांनी हे काम विद्यापीठातल्या आयबीएमच्या पंचकार्ड (भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या) यंत्रांवर पुरे करून घेतले आणि १९५७ मध्ये सूची छापून आली. ती माँटगोमेरींच्या नावाने ओळखली जाते. माइल्स यांची प्रस्तावना आहे. यंत्राच्या मदतीने साहित्याचा अभ्यास करण्याचा इतिहास इटलीतल्या फादर बुसांपासून सांगण्याची प्रथा आहे; या पाद्रींनी संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची अशीच सूची यंत्रावर केली. पण त्यांच्या थोरल्या सूचीचे खंड १९७४ पासून पुढे निघाले, हे लक्षात घेतले तर माइल्स यांचे नाव मागे पडावे याचे मला नवल वाटते.

आता त्यांचीच एक छोटी कविता मोजून पाहू. ‘रीझन’ या कवितेत सिनेमागृहासमोर गाडी पुढे घेण्यावरून हुज्जत चालते. एक म्हणतो पुढे घे, दुसरा म्हणतो मी आधी आलो, तेवढ्यात सिनेमागृहाचा माणूसही त्यात पडतो, आणि अडून बसलेला गडी त्याला जुमानत नाही. मग एका लंगड्या म्हाताऱ्या बाईला गाडीतून उतरवताना त्याला दिसते, आणि हाच गडी झटकन गाडीबाहेर येऊन तिला हाताचा आधार देतो; वर म्हणतो, नुसते सांगितले असते तरी पुरे होते. या ओळींत क्रियापदांची गर्दी आहे: घे, जा, सोड, उतरवले, दिला. विशेषणे मात्र एकेकटी, अधूनमधून येतात. दोन विशेषणे लागोपाठ अशी एकदाच येतात, ती त्या बाईसाठी, आणि भांडणही नेमके तिथेच संपते.