आमची वाटचाल: शिंप्याच्या कात्रीपासून जुन्या इटालियन चाकूपर्यंत

आमचं दुकान मूळचं धारेचं. पुण्यातल्या शिंप्यांच्या कात्र्या, केटररच्या सुऱ्या, बाइंडिंगवाल्यांची पाती हे रोजचं काम, आणि दुकानाचं भाडं आजही त्यातूनच निघतं. याच गिऱ्हाइकांच्या घरातले घडीचे जुने चाकू हळूहळू यायला लागले आणि त्यांत इटालियन चाकू वरचेवर निघू लागले. काही गोव्याकडच्या जहाजी कुटुंबांतले. काही मराठा पलटणींतून इटलीच्या मोहिमेवर गेलेल्या जवानांच्या घरांतले, म्हणजे १९४४ साली वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे आणि १९४५ साली सेनियो नदीकाठी नामदेव जाधव यांना ज्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या मोहिमेतले. पुढे संग्राहक येऊ लागले. आता दुकानाचं मागचं टेबल फक्त याच कामासाठी राखलेलं आहे.

या कामात आमचा एक नियम ठरत गेला आणि तो आम्ही कधी मोडत नाही: चाकू कुठला, कोणत्या घडणीचा आणि मूठ कशाची हे कळेपर्यंत त्याला कानस लागत नाही, पॉलिश पेपरही लागत नाही. दुरुस्तीत जेवढे चाकू खराब होतात, त्यातले बहुतेक ओळख न पटवता हात घातल्यामुळे होतात.

सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे टोक नसलेलं पातं. पुढचा भाग सरळ छाटल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘टोक मोडलंय, घासून काढून द्या.’ पण इटलीत १९०८च्या कायद्याने ४ सेंटिमीटरपेक्षा लांब टोकदार पातं जवळ बाळगण्यावर निर्बंध आले, आणि कारागिरांनी पाती मुद्दाम बोथट टोकाची घडवायला सुरुवात केली. सार्डिनियातला गुस्पिनीचा चाकू, मोलिसेतल्या फ्रोसोलोनेचा छाटलेल्या टोकाचा चाकू हे त्याच कायद्याच्या सावलीत वाढलेले प्रकार. अशा पात्याला टोक काढलं, की चाकूचं मोलही गेलं आणि त्याचा काळ सांगणारी खूणही गेली.

मग मोडलेलं टोक आणि मुळातच छाटलेलं टोक वेगळं कसं ओळखायचं? चाकू मिटून मुठीतल्या खाचेकडे बघा. कारागीर खाच पात्याच्या लांबीएवढीच कापतो. पातं जिथे संपतं तिथेच खाच संपत असेल, तर ते मुळातच तेवढं होतं. पात्यापुढे खाच १०-१५ मिमी रिकामी राहत असेल, तर टोक मोडलंय किंवा घासून घासून गेलंय. दुसरी खूण छाटलेल्या कडेवर. मूळ कड पात्याच्या पूर्ण जाडीची, सपाट असते आणि तिच्यावरच्या घासणीच्या रेघा बाकी पात्याइतक्याच जुनकट झालेल्या असतात. नंतर घासलेली कड उजळ दिसते, तिचे कोपरे गोलावलेले असतात आणि धारेचा उतार मध्येच तुटतो.

गाव ओळखायला शिक्का असेल तर सोपं. फ्रिउलीतलं मानियागो हे पोलादी कामाचं गाव. तिथे १४५३ साली कोल्व्हेरा ओढ्याचं पाणी वळवून घण चालवायची परवानगी मिळाली आणि तिथून हा धंदा वाढला. तस्कनीतल्या स्कार्पेरियाच्या चाकूकारांचे नियम १५३८ सालचे. पण जुन्या खेडवळ चाकूंवर पुष्कळदा शिक्काच नसतो, म्हणून घडण वाचावी लागते. सार्डिनियातल्या पात्तादाच्या चाकूला मागची स्प्रिंगच नसते. पातं फक्त पिनेच्या घर्षणावर थांबतं, ते अरुंद, मर्टल नावाच्या झुडपाच्या पानासारखं निमुळतं असतं, आणि मुठीत शिंगाच्या दोन फाळक्यांमध्ये धातूची कमान बसवलेली असते. हा सैल लागला म्हणून कुणी त्याला स्प्रिंग बसवायला सांगितलं, तर आम्ही नकार देतो. सार्डिनियातल्याच आर्बुसचं पातं पोट सुटलेलं, जनावर सोलायच्या कामाचं. पिएमोंतेतल्या व्हेर्नान्तेचा लाकडी मुठीचा चाकूही बिनस्प्रिंगचाच. याउलट स्कार्पेरियाच्या बऱ्याच चाकूंना कडक पाठस्प्रिंग असते. उघडताना मधेच थांबा येतो आणि टक्‌ आवाज होतो.

शिक्का अस्पष्ट असेल तर घासू नका. बोटाने थोडी टाल्कम पावडर त्यावर चोळा, वरची पुसून टाका आणि टेबलावर दिवा अगदी आडवा धरा. खोलगट भागात पांढरं अडकतं आणि अक्षरं उठून दिसतात. ‘इनॉक्स’ असा शिक्का असेल तर पातं स्टेनलेसचं, आणि चाकू बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ‘रोस्टफ्राय’ (न गंजणारं) हा जर्मन शब्द असला तरी इटालियन चाकूंवरही तो सापडतो, त्यामुळे केवळ त्यावरून सोलिंगेन या जर्मनीतल्या चाकूंच्या गावचा माल ठरवू नये. बटण दाबून उघडणारे चाकू, शिक्का कुठलाही असो, आम्ही कामाला घेत नाही.

मुठीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण पुढची सगळी रसायनं तिच्यावर ठरतात. मूठ अर्धा मिनिट गरम पाण्याखाली धरून अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. जळक्या दुधासारखा वास आला तर केसीनचं जुनं प्लास्टिक. शिंगाला ओल्या केसांसारखा हलका वास येतो. हाडावर भिंगाखाली बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. तापलेली सुई टोचून बघायची पद्धत पुष्कळ जण सांगतात. सेल्युलॉइडला ती लावली तर भडका उडतो, म्हणून आमच्या टेबलावर ती बंद आहे. सेल्युलॉइडला अ‍ॅसिटोन लागलं तर मूठ विरघळते. शिवाय ते म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं: आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, पात्याचा मुठीत राहणारा भाग गंजतो, आणि एकाच डब्यात ठेवलेले बाकीचे चाकूही गंजायला लागतात. असे चाकू आम्ही वेगळ्या, उघड्या फळीवर ठेवतो.

जाम झालेला चाकू पक्कडीने ओढू नका. पातं उघडायला नख लावायची खाच तिथेच फुटते. सांध्यावर रॉकेल आणि शिलाई मशीनचं तेल निम्मं-निम्मं थेंबथेंब सोडायचं, सांधा खाली करून एक-दोन दिवस ठेवायचं, मग लाकडी पाचरीने थोडंथोडं उघडायचं. काळा गाळ येतो तो परत परत धुवायचा, तेल स्वच्छ निघेपर्यंत. शिंगाची मूठ पाण्यात भिजवायची नाही. ती फुगते आणि सुकताना पिनेपाशी चिरते.

लाल गंज तेलात बुडवलेल्या ०००० नंबरच्या स्टील वूलने निघतो. खालचा काळसर-करडा थर तसाच राहू द्यावा, तो कार्बन स्टीलचं रक्षण करतो. बफिंग चाकावर जुनं पातं आम्ही धरत नाही. शिक्का पुसतो, रेघा गोलावतात, आणि टोक क्षणात तापतं. पात्यावर पिवळसर झाक आली म्हणजे पोलाद २००-२२० अंशांपर्यंत गेलं, निळी आली म्हणजे ३००च्या आसपास, आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही.

पातं आडवं हलत असेल तर पिन झिजलेली असते. नुसती वरून ठोकून ती घट्ट होते, पण पातं आवळून बसतं आणि महिन्या-दोन महिन्यांत परत हलतं. पिन बदलणंच योग्य. जुन्या पिनेचं डोकं तिच्या व्यासाहून थोड्या बारीक ड्रिलने पोखरायचं, खाली भोक पाडलेला सागाचा ठोकळा ठेवायचा आणि पंचने ती हळूच बाहेर काढायची. नवी पिन मूळ धातूचीच, पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची, बहुधा २ किंवा २.५ मिमीची. पितळेची सळई आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यायची, नाहीतर डोकं पसरण्याऐवजी फुटतं. दोन्ही बाजूंना ०.८ ते १ मिमी बाहेर ठेवायची. पातं आणि मुठीतल्या पट्टीच्या मध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या साधनाचं) ०.०५ मिमीचं पातळ पान घालून मगच ठोकायचं; शेवटी ते पान ओढून काढलं की पात्याला फिरायला तेवढीच जागा उरते. हातोडी १०० ग्रॅमच्या आतली, आणि ठोके डोक्याच्या कडेने गोल. शिंगावर थेट बसणाऱ्या पिनेला एक जोरदार ठोका बसला, की चीर मुठीच्या टोकापर्यंत जाते.

पाठस्प्रिंग बहुतेकदा मधल्या पिनेच्या भोकापाशी तुटते, कारण तिथेच ती सर्वांत अरुंद असते. तुटलेली वेल्डिंग करून जोडू नये. ०.७५ टक्के कार्बनच्या पोलादाची नवी स्प्रिंग कापतो, सुमारे ८००-८२० अंशांना तापवून तेलात पाणी देतो, मग निळी झाक येईपर्यंत परत तापवतो. बसवल्यावर पाठीवरून बोट फिरवायचं: चाकू मिटलेला असताना आणि पूर्ण उघडलेला असताना स्प्रिंग मुठीच्या पाठीशी एका पातळीत लागली पाहिजे. एकाच स्थितीत वर येत असेल तर स्प्रिंग ठीक आहे. पात्याच्या बुडाची ती बाजू अगदी थोडी घासायची असते.

शिंग फुटलं असेल तर आम्ही म्हशीचं शिंग वापरतो. उत्तर प्रदेशातल्या संभलला शिंगकामाचा मोठा धंदा आहे, तिथून पट्ट्या येतात, ३-४ मिमी जाडीच्या. वाकलेली पट्टी उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून दोन लोखंडी फळ्यांमध्ये दाबून पूर्ण गार होऊ द्यायची. लवकर काढली तर परत वाकते. मग किमान दोन आठवडे तशीच सुकू द्यायची, कारण ओल्या शिंगात बसवलेली पिन नंतर सैल पडते. सांबरशिंगाची मागणी होते, पण वन्यजीव कायद्यामुळे त्याचा व्यापार करता येत नाही, आणि आम्ही करत नाही. कसरीने पाडलेली बारीक भोकं असतील तर मूठ बदलत नाही. त्याच रंगाच्या शिंगाचा भुसा इपॉक्सीत कालवून भरतो, ४०० ते १००० नंबरच्या कागदाने हाताने सपाट करतो. भरलेलं कुठे आहे ते भिंगातून कळावं एवढा फरक मुद्दाम राखतो, म्हणजे पुढे विकत घेणाऱ्याची फसवणूक होत नाही.

धार शेवटी, दर बाजूला १५ ते २० अंश, पाण्याच्या दगडावर. पूर्वी कुणी ग्राइंडरने खोल खळगा पाडलेला असेल तर तो एका फटक्यात काढत नाही. जुन्या पात्याची रुंदी परत येत नसते.

चाकू परत देताना बदललेले सगळे जुने भाग, म्हणजे पिना, तुटकी स्प्रिंग, शिंगाचे तुकडे, पाकिटात घालून देतो, आणि काय बदललं, काय जसंच्या तसं ठेवलं याची चिठ्ठी सोबत असते. पात्यावर मिनरल ऑइलचा पातळ हात. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकट थर धरतं. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून दिला तर चामड्यातल्या रसायनांनी पातं डागाळतं, म्हणून कापडात गुंडाळून ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून सांधा बघा, आणि तपकिरी तेल दिसलं तर गंज वाढायच्या आत पुसून नवा थेंब सोडा.