‘यांना कसं हलवता?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मे संपत आला की दरवर्षी हा प्रश्न येतो. बचत गटातल्या बायका विचारतात, आशाताई विचारते, मुंबईहून जाऊबाईंचा फोन येतो: वादळबिदळ आलं तर तू यांना कसं हलवतेस गो?

माझे मिस्टर 2014 च्या मे महिन्यात हापूसच्या कलमावरून पडले. वळवाची सर येऊन गेलेली, फांदी ओली, हातात आंबे काढायचा झेला. पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालची जाणीव गेली ती गेलीच. आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राच्या कडेला. घर खालच्या वाडीत, शाळा वर सड्यावर, आणि मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, 34 पायऱ्यांची. व्हीलचेअर आमच्या खळ्यापर्यंत फिरते. त्यापुढे तिचा उपयोग नाही.

खरं सांगायचं तर 2020 साली मी यांना हलवलंच नाही.

निसर्ग चक्रीवादळाला 2 जूनला दुपारी नाव मिळालं आणि 3 जूनला दुपारी ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. मध्ये जेमतेम एक दिवस. त्यात कोरोनाचे दिवस. शाळेच्या वर्गांत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात होते. तिथे यांना न्यायचं कसं, हा विचार करण्यातच संध्याकाळ झाली, मग रात्र झाली. सकाळी वारा सुटला तेव्हा उचलायला माणूस मिळेना, कारण जो तो आपापलं घर धरून बसलेला. आम्ही तिघं, हे, मी आणि सासूबाई, माजघराच्या आतल्या भिंतीला टेकून बसलो. पडवीचे पत्रे गेले, मग वरची कौलं एकेक करून गेली. मी यांच्या डोक्यावर परात धरली होती. वाडीतल्या माड-पोफळी मोडताना जो आवाज येत होता, तो अजून कानात आहे.

आम्ही वाचलो. पण यांचं जे नुकसान झालं ते वादळात नाही, वादळ गेल्यावर झालं.

यांची गादी हवेची असते. विजेवर चालणारा छोटा पंप तिच्या एकेका कप्प्यात आळीपाळीने हवा भरतो, म्हणजे अंगाच्या एकाच जागी भार येत नाही. वीज गेली ती आमच्याकडे 20 दिवस आली नाही. गादी पहिल्याच रात्री बसली आणि हे पलंगाच्या फळ्यांवर झोपल्यासारखेच झाले. यांना ते कळणार नव्हतं, कारण तिथे जाणीवच नाही. कळायला हवं होतं ते मला. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मला झोपेतसुद्धा पाठ होतं. पण त्या दिवसांत मी कौलं गोळा करत होते, विहिरीतली झावळं काढत होते, ओलं धान्य पसरत होते. पाचव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. तेव्हाच समजायचं असतं, की आतलं मांस दुखावलंय. आठव्या दिवशी कातडी फुटली. ती जखम भरायला दिवाळी उजाडली. त्या डागाचा आकार मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

तेव्हापासून हवेच्या गादीखाली जाड फोमची गादी कायम असते, आणि भिंतीवर एक घड्याळ फक्त कूस बदलण्यासाठी आहे.

जखम भरत आली तेव्हा हे एकदा शांतपणे म्हणाले, “तुम्ही सगळे मला कसं हलवायचं ते बोलता. कधी हलायचं आणि कसं उचलायचं, ते मी ठरवतो.” मला आधी वाईट वाटलं. मग कळलं, की इतकी वर्षं मी यांना घरातल्या कणगीसारखं धरलं होतं: पाऊस आला की उचला, आडोशाला ठेवा. स्वतःच्या अंगाचं ज्ञान यांच्याइतकं कुणाला असणार? म्हणून ‘यांना कसं हलवता’ याचं उत्तर आता असं आहे: हे स्वतः निघतात, आम्ही उचलतो.

यांनी पहिलं ठरवलं ते निघायचं कधी. चक्रीवादळाचा इशारा हवामान खातं टप्प्याटप्प्याने देतं: 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळा, 24 तास आधी केशरी. वाडीतली माणसं केशरी ऐकून सामान बांधतात, काही जण तर लाटा बघून. आम्ही पिवळ्याला निघतो. दहा मिनिटांत घर सोडणाऱ्याला वारा सुटेपर्यंत थांबता येतं, आम्हाला येत नाही. आणि निसर्गसारखं एखादं भरभर वाढलं तर हे 48 तास मिळतीलच असंही नाही. म्हणून समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाल्याचं कानावर आलं, की पिशवी दारात येते.

दुसरं ठरवलं ते जायचं कुठे. शाळेत नाही. शाळेला उतार बांधलाय, पण उभा. 1 फूट चढायला 12 फूट लांबीचा उतार लागतो. तो नसला तर चाकाची खुर्ची मागे घसरते. संडास तीन पायऱ्यांवर, आणि भारतीय बैठकीचा. अशा ठिकाणी माणूस काय करतो? पाणी प्यायचं सोडतो. लघवीची नळी घालणाऱ्याने पाणी कमी केलं, की ताप येऊ शकतो. म्हणून वरच्या वाडीतल्या चुलत दिरांचं स्लॅबचं घर ठरलं. मध्याला भोक पाडलेली एक प्लास्टिकची खुर्ची तिथे वर्षभर ठेवलेली असते.

तिसरं, उचलायचं कसं. एप्रिलमधल्या एका कोरड्या संध्याकाळी यांनी वाडीतल्या चार पोरांना बोलावलं. हातवाल्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, छातीशी आणि मांड्यांवर साडीचे पट्टे. जुन्या डोलीचीच रीत, फक्त बसून. हे बोलत होते आणि पोरं ऐकत होती: “काखेत धरू नका, खांदा निखळेल. पाय लोंबू देऊ नका, चिऱ्यावर घासले तर मला कळणार नाही, तुम्ही बघा. मी ‘उचला’ म्हणेपर्यंत कुणी उचलायचं नाही.” पहिल्या खेपेला 34 पायऱ्यांना 25 मिनिटं लागली आणि एकाचा पाय मुरगळला. दुसऱ्या खेपेला 14.

त्यानंतर महिनाभरात, 2021 च्या मेमध्ये, तौक्ते आलं. 15 तारखेला सकाळी चहा झाल्यावर आम्ही निघालो. आभाळ निरभ्र होतं, लोक दारात येऊन बघत होते, एवढ्या लवकर कशाला म्हणून. 16 मेला ते आमच्या किनाऱ्यासमोरून वर गुजरातकडे गेलं. आमच्या घराची पुन्हा कौलं गेली. यांच्या अंगावर ओरखडा नव्हता.

पिशवीत काय असतं तेही विचारता, म्हणून सांगते. नळ्या, लघवीच्या पिशव्या, जेली आणि हातमोजे दहा दिवसांचे, गोळ्या पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि दिव्यांग कार्डाची झेरॉक्स, सगळं दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. पण त्याहून मोलाचा एक लॅमिनेट केलेला कागद आहे. पुढच्या बाजूला उचलायचं कसं, मागच्या बाजूला सांभाळायचं कसं: कूस किती वेळाने, नळी केव्हा, कुठे दाबून बघायचं. हा कागद यांनी लिहिला तो माझ्यासाठी नाही. माझ्यावरच माड पडला तर? सांभाळणारी बाई धडधाकट राहील, हे सगळेजण गृहीत धरतात. वादळ धरत नाही. 1077 हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबरही त्यावर आहे, पण निसर्गनंतर टॉवर कित्येक दिवस बंद होते. कागद पाहिजेच.

कायदाही आपल्या बाजूने आहे, हे मला उशिरा कळलं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट आहे, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची खबर त्यांना पोचेल असं बघायचं. यांचं नाव द्यायला मी एका कार्यालयात गेले, तर तिथले म्हणाले, “अशी यादी नसते ताई.” मी कायद्याचं पान पुढे ठेवलं. तीन खेपा झाल्या तेव्हा अर्ज घेतला, पोच दिली. ती पोच मी जपून ठेवलीय. तुम्हीही लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

प्रत्येकाची गरज वेगळी, हे मला वाडीनेच शिकवलं. आमच्याकडे एका पोराला ऐकू येत नाही. भोंगा लावलेली रिक्षा त्याच्या दारावरून गेली काय नि न गेली काय. आता शेजारी त्याच्या खिडकीवर बॅटरीचा झोत तीनदा टाकतात, म्हणजे ‘चल’. एका आजोबांना दिसत नाही. परसातल्या माडांना हात लावत ते न्हाणीघरापर्यंत जायचे. निसर्गात ते माड आडवे झाले आणि आजोबा स्वतःच्याच परसात हरवले. चार दिवस घराबाहेर पडेनात. मग नातवाने पडवीपासून न्हाणीपर्यंत काथ्याची दोरी कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधली. संध्याकाळी आजोबा दोरी धरून एकटे गेले आणि आले. ती दोरी अजून आहे.

आणखी एक सांगायचंच आहे. वादळ गेलं की दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष ओल्या वाशांवर कौलं शाकारायला चढतात. तिथून कुणी पडलाच, तर त्याला हातापायाला धरून उचलून रिक्षात कोंबू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्या, दाराची फळी काढा हवी तर, आणि 108 ला फोन करा. यांना चौघांनी दुमडून उचललं होतं. त्यांनी ते मायेनेच केलं होतं, आणि हे त्यातल्या कुणालाही कधी बोलले नाहीत.

यंदा चारातला एक पोरगा जहाजावर नोकरीला गेला. कागदावरचं त्याचं नाव यांनी खोडलंय. त्याच्या जागी कोण ते ठरायचंय. माझ्या भाचीने विचारलं, मी चालेन का काका? हे म्हणाले, उंची जुळते का बघू. रविवारी सगळ्यांना चहाला बोलावलंय. खुर्ची खळ्यात काढून ठेवलीय, बांबू मात्र नवे आणायला हवेत.