तुम्ही विचारलंत म्हणून: सहा खांब

"जुन्या इमारती वाचवायचं शिकलीस ना, मग स्वतःचा वाडा का पाडू दिलास?" लग्नाकार्यात भेटलेला प्रत्येक जण गेली सात वर्षं हेच विचारतो. एकदाच नीट सांगते.

एम. आर्च.ला, म्हणजे वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणात, माझा विषय होता जुन्या वास्तूंचं जतन आणि पुनर्वापर. वास्तू नुसती जपून ठेवायची नसते, तिला नवं काम द्यायचं असतं. पुण्यातला विश्रामबागवाडा बघा. 1807 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने बांधला, 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, 1879 च्या आगीत तो होरपळला, पुढे नगरपालिकेची कचेरी आली. माणसांचा राबता राहिला म्हणून तो टिकला, असं मी प्रबंधात ठासून लिहिलं. प्रबंध अर्थात नारायण पेठेतल्या आमच्याच वाड्यावर.

मापं घेताना चौकातल्या सागवानी खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, दिसतच नव्हता. 1986 मध्ये अप्पांनी फरशी उंच करून भोवती सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती कोंडते. चाळीस खांबांतले सहा असे कुजलेले. कुजका भाग कापून नवं लाकूड सांधता येतं. मी अंदाजपत्रकही केलं.

मग धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि सगळे ओसरीवर बसले. काका म्हणाले, "पैसे कोण घालणार? भाडं येतं महिना अठरा रुपये." वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकू इतकंच म्हणाल्या, "तू खांब मोजलेस गं. रात्री दोनला जिना उतरून संडासला मी जाते." संडास माझ्या नकाशात होता, काकू नव्हत्या.

अप्पांनी विचारलं, "म्हणजे माझ्या सिमेंटमुळे कुजलं?"

मी सगळ्यांसमोर "हो" म्हणाले. अप्पांनी पेन मागितलं आणि बिल्डरच्या कागदावर पहिली सही केली.

वाडा दुरुस्त होण्यासारखा होता, हे मी आजही म्हणेन. चौतीस खांब धडधाकट होते. काकूंसाठी वर संडास काढता आला असता. तेव्हा सुचलं नाही, हा दोष माझा. आणि ते "हो" खरंच होतं. पण अप्पांना ते एकटं गाठून सांगता आलं असतं. तेव्हा मला वाटलं, शास्त्र आहे, त्यात लपवायचं काय? आता तसं वाटत नाही. अप्पा त्यावर बोलत नाहीत, मीही विषय काढलेला नाही.