गणिताच्या तासाला कोण उभं आहे?

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. तिच्या वहीत १/२ + १/३ = २/५ असं उत्तर आहे आणि त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण! बाईंना वही दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा विषय मराठी. गणिताचे सर सोडून गेले, तेव्हापासून हा तास माझ्याकडं आहे." मानधनाचा आकडा सांगितला तेव्हा पुढं काही बोलवेना. राग त्यांच्यावर नाहीच. पण पोरं चुकीचं शिकतायत, त्याचं काय?

सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हावं. जुन्या शिक्षकांची नाराजी समजते (अशैक्षणिक कामांचा बोजाही त्यांच्यावरच आहे), तरी मला हा निकाल पटतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरं शाळेत आली, आता शिकवणारा त्या विषयाचा नको का?

कोणता विषय कोण शिकवतं आणि त्यांचं शिक्षण काय, याची यादी मी सोमवारी मुख्याध्यापकांकडं लेखी मागणार आहे. वर्गातल्या इतर पालकांनीही सही करायला यावं.