पहिलं वर्ष दोनदा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. ‘आयटी सोडून नर्सिंग का’ हे नाही, त्याचं उत्तर देऊन झालंय. ज्यांना पटायचं त्यांना पटलं. आता सगळे दुसरंच विचारतात. मावशी फोनवर विचारते, जुन्या टीममधल्या मैत्रिणी विचारतात, हॉस्टेलमधल्या अठरा वर्षांच्या मुली ‘ताई’ म्हणत बिचकत विचारतात. घरापासून वीस मिनिटांवर बी.एस्सी. नर्सिंगचं कॉलेज होतं, पहिलं वर्ष संपत आलं होतं, ते सोडून दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा पहिल्या वर्षाला का बसलीस? माझी मुलगी दुसरीत आहे. तिने एवढंच विचारलं, “आई, तू नापास झालीस?”

झाले नव्हते. पहिल्या सत्रात मी वर्गात दुसरी आले होते. हे सांगताना माझा आवाज चढतो, ते मला कळतं.

जो हिशेब तुम्ही मला ऐकवता तो मी तुमच्याआधी मांडलाय. माझा जन्म 1991 चा. 2023 ला घेतलेला प्रवेश टिकवला असता तर 2027 ला, छत्तिसाव्या वर्षी, हातात पदवी आली असती. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या गटाला वयाची अट 38 आहे. म्हणजे अधिपरिचारिकेच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या नर्सच्या, जागेसाठी अर्ज करायला मला दोन वर्षं मिळाली असती. आता सगळं सुरळीत गेलं तर पदवी 2029 च्या शेवटी मिळेल आणि तेव्हा मला 38 पूर्ण झालेली असतील. एम्सच्या नर्सभरतीची परीक्षा, नॉर्सेट, तिची वयोमर्यादा 30 आहे, ती वाट मला कधी नव्हतीच. म्हणजे खाजगी रुग्णालयं. तिथल्या पगाराबद्दल केंद्र सरकारच्या समितीने 2016 साली सांगितलं होतं की 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा नर्सला महिन्याला 20,000 रुपयांपेक्षा कमी देऊ नये. ती शिफारस होती, आणि शिफारस मोडली म्हणून कुणाला दंड होत नाही. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असून केलं, म्हणून तर तुम्ही विचारता.

पहिलं कॉलेज निवडणारी मीच होते, आणि तिला मी आजही पूर्ण चूक ठरवू शकत नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. फ्लॅटचा हप्ता चालू होता. बारावीला 2009 साली पीसीएमबी, म्हणजे गणिताबरोबर जीवशास्त्रही, घेतलं होतं म्हणून निदान बी.एस्सी.चं दार उघडं होतं. चौदा वर्षांनी जीवशास्त्राचं पुस्तक उघडून सीईटी दिली: भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी 20 गुण. जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेचा, विचार केला होता का, हेही विचारतात. केला होता. तीन वर्षांत संपतं, प्रवेशाला 35 ची अट असते, त्यात मी बसत होते. नाही केलं, कारण इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यावर पदविका घ्यायला मन तयार नव्हतं. हेच खरं कारण आहे. घरी मात्र पुढे एम.एस्सी. करता येईल म्हणून बी.एस्सी. घेते असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं, पण ते नंतर सुचलेलं होतं.

कॉलेज बघायला गेले तेव्हा ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या मान्यता फ्रेम करून लावल्या होत्या. इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता. कागदात कुठेही खोट नव्हती. कॉलेजचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय लागतं हा नियम मी वाचला होता आणि 100 खाटा तिथे होत्या. त्या खाटांवर माणसं किती असतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्या बाईला हे सुचू नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

वॉर्डात कधी बारा पेशंट असायचे, कधी पंधरा. आम्ही साठ जणी. एका आजींचं बीपी नऊ मुलींनी लागोपाठ घेतलेलं मी पाहिलंय, आणि त्या नऊंत मीही होते. उरलेला वेळ रिकाम्या बेडवर चादरी ताणायच्या, कोपरे दुमडायचे, सोडायचे, पुन्हा दुमडायचे. अभ्यासक्रमात नर्सिंग फाउंडेशन या विषयासाठी पहिल्या सत्रात 160 तास आणि दुसऱ्यात 320 तास प्रत्यक्ष वॉर्डात काढायचे असतात. तास आम्ही काढले. त्या तासांत हाताला काय आलं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो लॉगबुकापाशी, आमच्या कामाच्या नोंदवहीपाशी, येऊन थांबतो.

कोणती प्रोसिजर किती वेळा पाहिली, किती वेळा मदत केली, किती वेळा स्वतः केली, हे तारखेसकट लॉगबुकात लिहायचं आणि त्यावर मॅडमची सही घ्यायची. एका दुपारी सांगण्यात आलं की लॉगबुकं पूर्ण करून आणा. पूर्ण म्हणजे भरून. सगळ्याजणी टेबलाभोवती बसून एकमेकींच्या तारखा जुळवत होत्या. मीही बसले. बेड बाथ पाच, तोंडाची स्वच्छता पाच, राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड तीन. शेवटचं मी एकदाही दिलं नव्हतं, फक्त मॅनिकिनवर, सरावाच्या पुतळ्यावर, पाहिलं होतं. कंपनीत असताना न चालवलेल्या टेस्ट केससमोर ‘पास’ लिहायला मी नकार दिला होता, त्यावरून मॅनेजरशी भांडले होते, ते वर्षभर मला नडलं होतं. आणि इथे मी निळ्या पेनाने तीन तारखा लिहिल्या आणि खाली सही केली.

नंतर आम्हाला दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात पोस्टिंगला पाठवलं. मेडिसिनचा पुरुष वॉर्ड. सकाळच्या पाळीला 34 पेशंट आणि दोन सिस्टर. त्यातल्या वयाने मोठ्या सिस्टर सोलापूरकडच्या होत्या. त्यांनी माझं लॉगबुक चाळलं, माझं वय पाहिलं आणि बहुधा हायसं वाटून म्हणाल्या, “सात नंबरच्या काकांना अकराचं फीड देऊन घे. मी इथंच आहे.” मला जमत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. एक वाक्य होतं. ते का म्हटलं नाही याचा मी खूप विचार केलाय. वहीत लिहिलं होतं की मला येतं, आणि वही सिस्टरांच्या हातात होती.

काकांना पक्षाघात होऊन आठवडा झाला होता. उजवी बाजू गेलेली, बोलता येत नव्हतं, डोळे मात्र टक्क उघडे. मी मोठी सिरिंज ट्यूबला जोडली, फीडचा ग्लास हातात घेतला. काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “द्या सिस्टर, सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या.” मला ‘सिस्टर’ म्हणणारं ते पहिलं माणूस. काका सपाट निजलेले होते. डोक्याकडची बाजू वर करायची असते हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आधी सिरिंजने ओढून पोटातला द्रव येतो का पाहायचं, ट्यूबवरची खूण नाकापाशी जागेवर आहे का पाहायचं, हेही लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. त्या क्षणी त्यातलं काहीही माझ्यापाशी नव्हतं. होता तो फक्त ग्लास आणि समोर उघडी सिरिंज. मी ओतायला ग्लास तिरका केला.

सिस्टरांनी मागून येऊन ट्यूब दोन बोटांत मोडून धरली. दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “नाकाकडं बघ.” नाकावरची चिकटपट्टी सुटली होती. ट्यूब बोटभर नाही, चांगली वितीएवढी बाहेर आली होती आणि चादरीत वळून पडली होती. ते फीड पोटात गेलं नसतं. फुफ्फुसात जाऊ शकलं असतं, आणि मग काय होतं ते या कामातल्या कुणालाही विचारा.

काकांना काही झालं नाही. ट्यूब काढली, नवी घातली, तपासली, सिस्टरांनी फीड दिलं आणि मला बेडची कळ फिरवायला लावली. मग नोंदी लिहायच्या टेबलाशी नेऊन माझं लॉगबुक उघडलं, त्या तीन तारखांवर बोट ठेवलं आणि एकच विचारलं, “हे कुणाला दिलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या जीएनएम झालेल्या होत्या. ज्या पदविकेला मी नको म्हटलं होतं, ती घेतलेल्या बाईने तो माणूस वाचवला, आणि माझ्यापासून वाचवला. निघताना काकू म्हणाल्या, “नवीन आहात ना, येईल हळूहळू.” त्यांना काय होता होता राहिलं ते समजलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तर म्हणून सोडलं. तुम्ही म्हणता, दुसऱ्या वर्षी शिकली असतीस, नोकरीत शिकली असतीस, सगळ्याच तशा शिकतात. माझ्या नवऱ्यानेही शांतपणे हेच मांडलं आणि त्यात चूक काढता येत नाही. खरंच पुष्कळजणी तशाच शिकतात. पण ते शिकणं कुणाच्या तरी अंगावर होतं, आणि तिथे मागे उभी राहणारी सोलापूरची सिस्टर असेलच असं नाही.

त्या साली सीईटीच्या अर्जांची मुदत निघून गेली होती. सव्वा लाखाची फी गेली. एका मैत्रिणीने मिळवून दिलेलं टेस्टिंगचं काम करत बरेच महिने काढले. 2025 ला पुन्हा परीक्षा दिली. या वेळी कॉलेजांची ऑफिसं मी शेवटी पाहिली. आधी त्यांच्या रुग्णालयांत दुपारी दोनला, पाळी बदलताना, नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले. भरलेल्या खाटा मोजल्या. एसटी स्टँडवर गणवेशातल्या मुलींना विचारलं, गेल्या आठवड्यात तू स्वतःच्या हाताने काय केलंस? जिथली मुलगी विचार न करता धडाधड सांगू लागली, ते कॉलेज मी पर्यायात वर टाकलं. सरकारी रुग्णालयाला जोडलेलं आहे. वॉर्डात जमिनीवरही गाद्या असतात. इथे सगळं छान आहे असं नाही. सिस्टरांना शिकवायला वेळ नसतो, ग्लोव्ह्ज संपतात, आणि मी शनिवारी रात्री घरी पोचते तेव्हा मुलगी झोपलेली असते.

कधीकधी रात्री वाटतं, हा प्रामाणिकपणा मी मुलीच्या वाट्याच्या वेळातून फेडतेय. तिने यातलं काही मागितलं नव्हतं. तिला मी सांगितलं की आईला एक गोष्ट नीट येत नव्हती, म्हणून आई पुन्हा शिकतेय. ती म्हणाली, “मग नापासच ना.”

आणि जे तुमच्यातल्या दोघी-तिघींनीच विचारलंय, ते सगळ्यांत अवघड आहे. त्या कॉलेजची तक्रार का केली नाहीस? वर्गातल्या बाकीच्या 59 जणी तिथेच आहेत, पुढच्या सत्रांत गेल्या आहेत, त्यांच्या हाताखाली माणसं येतील. जुनं लॉगबुक माझ्या कपाटात आहे. तक्रारीचं पत्र दोनदा लिहिलं. पुरावा म्हणून जोडायचं ते पान काढलं की तीन तारखा दिसतात, आणि खाली मॅडमच्या सहीआधी माझी सही. पत्र अजून पाठवलेलं नाही.