वर्षाला शंभर तास, महापालिकेच्या शाळेत

निवृत्तीनंतर ‘काहीतरी समाजकार्य करायचंय’ म्हणणारे ठाण्यात तलावपाळीच्या दर कट्ट्यावर भेटतात. नेमकं काय आणि किती, इथे गाडी अडते. किती, याला एक आकडा आहे: वर्षाला शंभर तास. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास 13 हजार लोकांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा वेळ स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये चार वर्षांत मृत्यूचा आणि हालचाली मंदावण्याचा धोका कमी दिसला. मधुमेह, रक्तदाबात मात्र ठळक फरक नाही, तेव्हा गोळ्या चालूच ठेवा.

हे तास महापालिकेच्या शाळेत द्या. शाळेचे साधारण 40 आठवडे धरले तर आठवड्याला अडीच तास, म्हणजे सव्वा तासाचे दोन दिवस. रोज जाण्याचा उत्साह जूनमध्ये असतो. जुलैच्या पावसात गुडघे कुरकुरले की सगळंच सुटतं. शाळा चालत पंधरा मिनिटांवरची निवडा. नौपाड्यात राहून कोपरीची शाळा घेतली तर दर खेपेला स्टेशनची गर्दी पार करावी लागेल. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि वर्गशिक्षिकेच्या नजरेसमोरच बसा.

काम एकच: तिसरी-चौथीतल्या वाचनात मागे पडलेल्या चार मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. एकेकाला दहा मिनिटं, पाच-सहा ओळी. मूल अडलं की मनात पाच आकडे मोजा, लगेच शब्द सांगू नका. बरेच जण ‘र’पाशी अडतात, कारण ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर, ‘प्रकाश’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी. तीनही शब्द एका कार्डावर शेजारी लिहून दाखवा.

मुलाला शेजारी नको, समोर बसवा. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ त्यातलेच. ओठ दिसले तर चूक पकडता येते. डोक्यावर पंखा खडखडत असेल तर जागा बदला. श्रवणयंत्र घरी डबीत ठेवून येणारे आजोबा मुलांचं नुकसान करतात, स्वतःचंही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठीपुढचे स्वयंसेवक असंच काम आठवड्याला 15 तास करत. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या पुरुषांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग किंचित वाढलेला आढळला. तुलनेच्या गटात तो घटला होता. पण ते 15 तास इथे पहिल्याच महिन्यात गाठायला जाऊ नका.

दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात स्वतःच्या फायद्यासाठी स्वयंसेवा करणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण काहीच न करणाऱ्यांइतकंच निघालं. शाल-श्रीफळावर डोळा असलेल्यांनी नोंद घ्यावी. आणि घरी नातवंडं दिवसभर तुमच्याकडेच असतील तर आणखी मुलं अंगावर घेऊ नका. थकवा चढला की चिडचिड होते आणि ती पोरांवर निघते.

जोडीला एक बदली माणूस आधीच ठरवा. दोघांत एक वही: मुलाचं नाव, पान, अडलेला शब्द. पुढच्या वेळी जो येईल त्याने तिथूनच सुरुवात करायची.